समुद्रकाठचा पाय आणि आपलं कागदी लिंबू

माझ्या बेकिंगच्या वर्गात हा प्रश्न दर बॅचला येतो. केक झाला, नानकटाई झाली, खारी झाली की कुणीतरी वहीतलं पुढचं नाव वाचतं आणि थांबतं. "मॅडम, पाय म्हणजे?" आपल्याकडे पाय म्हटलं की रविवारी हंडीत रटरटणारे बकऱ्याचे पाय आठवतात. इंग्रजांचा पाय वेगळा. पिठाच्या कवचात काहीतरी भरून भाजलेला पदार्थ, इतकाच त्याचा अर्थ. आत सफरचंद असेल, मटण असेल, मासे असतील, नाहीतर लिंबाची मलई असेल.

गेल्या उन्हाळ्यात एका मुलीनं माझ्यापुढे मोबाइल धरला. तिचा भाऊ जहाजावर स्वयंपाकघरात कामाला आहे. त्यानं अमेरिकेतल्या फ्लोरिडाहून एका पायचा फोटो आणि कृती पाठवली होती. नाव 'की लाइम पाय'. तिनं ही की लाइम लिंबं दोन दिवस ऑनलाइन शोधली होती, कुठंच मिळाली नव्हती. मी काही न बोलता भाजीच्या टोपलीतलं एक लिंबू काढून तिच्या हातावर ठेवलं. मंगळवार बाजारात ढिगानं मिळतं तेच, पातळ सालीचं, पिवळट, बियांनी भरलेलं. की लाइम म्हणजे आपलं कागदी लिंबू. एकच जात, एकच झाड.

तिचा विश्वासच बसेना. पण त्या दिवसापासून समुद्रकाठचे पाय शिकवायची माझी पद्धतच बदलली. आधी मी कृती सांगायचे, आता गोष्टीपासून सुरुवात करते. हे पदार्थ किनाऱ्यावर जन्मले खरे, पण ते समजायला समुद्र पाहिलेला असायची गरज नाही. टंचाई पाहिलेली असली की पुरते, आणि ती सोलापूरकरांना कुणी शिकवायला नको.

पाय हा मुळात डबा होता. मध्ययुगीन इंग्लंडमध्ये त्याच्या कवचाला 'कॉफिन' म्हणत. आज या शब्दाचा अर्थ शवपेटी असला तरी तेव्हा साधी पेटी एवढाच होता. जाड, कडक पिठाची पेटी करायची, आत मांस किंवा मासे भरायचे, झाकण लावून भट्टीत ठेवायचं. भाजताना आतले जंतू मरतात आणि बाहेरची हवा, माश्या, धूळ आत जात नाही. काही ठिकाणी भाजून झाल्यावर झाकणाच्या भोकातून वितळलेलं लोणी ओतत. ते आत गोठलं की हवेला उरलीसुरली वाटही बंद. आपण लोणच्यावर तेलाचा थर उभा ठेवतो, तीच युक्ती.

आता कवचाकडे येऊ. पाश्चात्त्य पुस्तकांत त्याचे प्रकार वाचले की डोकं गरगरतं. पण ते सगळे आपल्या घरात आधीपासून आहेत, नावं तेवढी वेगळी.

पहिला प्रकार मोहनाचा. मैद्यात पाणी पडलं की त्यातली प्रथिनं एकमेकांत गुंतून रबरासारखी जाळी तयार होते. तिला ग्लुटेन म्हणतात. पोळी ताणली तरी फाटत नाही ती या जाळीमुळे. करंजीला मात्र आपल्याला ताण नको असतो, खुसखुशीतपणा हवा असतो. म्हणून आपण मोहन घालतो. तूप पिठाच्या कणांना लपेटतं, पाणी आत शिरायला अडतं, जाळी अर्धवट राहते. पायच्या साध्या कवचात हेच होतं, फक्त तूप कडकडीत न घालता लोणी थंडगार असतानाच बोटांच्या टोकांनी पिठात चोळतात. परीक्षाही आपलीच. पीठ मुठीत दाबलं की मुटका वळला पाहिजे आणि बोटानं ढकलला की फुटला पाहिजे.

दुसरा प्रकार साट्याचा. चिरोटे करताना आपण पोळ्यांच्या मध्ये तूप आणि तांदळाच्या पिठाचा साटा लावतो, घड्या घालतो, लाटतो. बेकरीतली खारी याच घराण्यातली. पिठाचा थर, लोण्याचा थर, पुन्हा पिठाचा थर. लोण्यात साधारण 16 टक्के पाणी असतं. भट्टीत त्याची वाफ होते आणि ती एकेक थर वर उचलते. मोठ्या मासळी-पायांवर फुगलेलं, पापुद्रे सुटणारं झाकण असतं, ती खारीच समजा.

तिसरा प्रकार मला सगळ्यात जवळचा आहे, उकडीचा. ज्वारीत ग्लुटेन नाही, म्हणून थंड पाण्यात मळलेली भाकरी थापताना कडेनं चिरते. पीठ जुनं असलं तर जास्तच. अशा वेळी घरातली जाणती बाई गरम पाणी घेते. गरम पाण्यानं पिठातला स्टार्च फुगतो, चिकट होतो आणि ग्लुटेनचं काम निभावून नेतो. इंग्लंडमधल्या उभ्या भिंतींच्या पायांचं पीठही चरबी घातलेल्या उकळत्या पाण्यात भिजवतात. स्टार्च शिजल्यामुळे त्या पिठाला आकार धरता येतो आणि साच्याशिवायही भिंत उभी राहते. स्पेनच्या वायव्य टोकाला गॅलिसिया नावाचा किनारी प्रांत आहे. तिथं 'एम्पानादा' करतात, म्हणजे भाकरीत गुंडाळलेलं. तिचा एक प्रकार मक्याच्या पिठाचा असतो आणि आत छोट्या तारल्या घालतात. मक्यातही ग्लुटेन नाही. मग तिथल्या बायका काय करतात? पिठावर उकळतं पाणी ओततात. हे वाचलं त्या दिवशी माझी आजी परातीत पाण्याचा चटका घेत पीठ कालवायची ते डोळ्यांपुढे आलं.

पुन्हा लिंबाकडे जाऊ, कारण सगळ्यात सुरस गोष्ट तिथंच आहे.

फ्लोरिडाच्या दक्षिण टोकापासून समुद्रात छोट्या बेटांची एक माळ गेली आहे. स्पॅनिशमध्ये छोट्या बेटाला 'कायो' म्हणतात. इंग्रजांच्या तोंडी त्याचं 'की' झालं आणि बेटांचं नाव पडलं 'फ्लोरिडा कीज'. माळेच्या शेवटाला की वेस्ट हे गाव. लिंबाचं हे झाड मूळचं आशियातलं. अरब व्यापाऱ्यांनी ते पश्चिमेकडे नेलं, स्पॅनिश जहाजांनी कॅरिबियन बेटांवर नेलं आणि तिथून ते कीजमध्ये पोचलं. चुनखडीच्या खडकाळ जमिनीतही ते तग धरून राहिलं. काटेरी झाड, छोटं फळ, भरपूर रस, नाकात शिरणारा वास. हे वर्णन आपल्या बांधावरच्या लिंबालाही तंतोतंत लागू पडतं.

लिंबं होती, पण दूध नव्हतं. बेटांवर गायींना चरायला कुरण नव्हतं. बर्फ मिळणं कठीण, आणि ताजं दूध मुख्य भूमीवरून आणायचं तर उन्हात बोटीवर नासायचं. गोडं पाणीसुद्धा नव्हतं. लोक छपरावरचं पावसाचं पाणी हौदात साठवून वर्ष काढत. मुख्य भूमीवरून की वेस्टपर्यंत पाण्याची नळवाहिनी आली ती 1942 साली, दोनशेहून जास्त किलोमीटर लांबीची. उजनीचं पाणी शंभरावर किलोमीटर नळातून येतं आणि तेही काही दिवसांआड, अशा शहरात राहणाऱ्या माणसाला ती बेटं परकी वाटायचं कारण नाही.

दुधाची अडचण सोडवली एका डब्यानं. गेल बॉर्डेन नावाच्या अमेरिकन माणसानं 1856 मध्ये दूध आटवण्याच्या पद्धतीचं पेटंट घेतलं. आपण बासुंदी आटवतो तेव्हा आच लागून दूध तांबूस होतं, खरपूस वास येतो. बॉर्डेननं हवा काढून घेतलेल्या बंद भांड्यात दूध आटवलं. हवेचा दाब कमी असला की पाणी 100 अंशांच्या खूप आधी उकळतं. त्यामुळे पाणी उडून जातं, पण दूध करपत नाही. दुधातलं निम्म्याहून जास्त पाणी असं उडवायचं आणि भरपूर साखर घालायची. तयार डब्यात साखरेचं प्रमाण 40 ते 45 टक्के भरतं. एवढी साखर पाण्याला धरून ठेवते, जंतूंना पाणी मिळत नाही आणि दूध टिकतं. मुरांबा वर्षभर राहतो तो याच कारणानं. 1861 मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झालं, सैन्याला हे डबे लागले आणि कंडेन्स्ड मिल्क घराघरात माहीत झालं. आपण त्याला मिल्कमेड म्हणूनच ओळखतो.

या डब्याची आणि लिंबाची गाठ पडली, आणि न शिजवता घट्ट होणारा पाय जन्मला.

वर्गात हे करून दाखवायला मला फार आवडतं. काचेच्या वाडग्यात एक डबा कंडेन्स्ड मिल्क ओतायचं. वरून अर्धी वाटी, म्हणजे 120 मिलिलिटरच्या आसपास लिंबाचा रस. सगळ्या बायका श्वास रोखून बघत असतात, कारण दुधात लिंबू पिळणं म्हणजे दूध नासवणं हे आपल्या हाडीमासी भिनलेलं आहे. मी चमच्यानं हलवत राहते. पहिले काही क्षण ते सैल होतं, पाण्यासारखं वाटतं. मग चमचा जड व्हायला लागतो. दोनतीन मिनिटांत चमच्यामागे रेघ उमटते आणि ती तशीच राहते. गाठ नाही, पाणी नाही. गुळगुळीत, चकचकीत, चक्क्यासारखं.

हे असं का होतं?

दुधात केसीन नावाच्या प्रथिनाचे बारीक गोळे तरंगत असतात. त्यांच्यावर ऋण विद्युतभार असतो, म्हणून ते एकमेकांना लांब ढकलतात. गर्दीच्या एसटीत प्रत्येकानं कोपर बाहेर काढून उभं राहावं तसं. आम्ल पडलं की तो भार निघून जातो, कोपरं आत येतात आणि गोळे एकमेकांना चिकटतात. आंबटपणा मोजायचं जे पीएच माप आहे, त्यात दूध साडेसहाच्या वर असतं आणि लिंबाचा रस दोन-अडीचच्या आसपास. माप 4.6 वर आलं की केसीनचा भार पुरता संपतो. इथवर पनीर आणि पाय यांचा रस्ता एकच.

पुढे तो फुटतो. साध्या दुधात सत्त्याऐंशी टक्के पाणी असतं. गोळे एकमेकांपासून लांब असतात, त्यात दूध उकळतं असलं की धावपळ वाढते. मग ते जागोजागी घट्ट पुंजके करतात, पाणी बाहेर टाकतात, आणि आपल्याला पनीर वेगळं, निवळी वेगळी दिसते. कंडेन्स्ड मिल्कमध्ये मुळातच प्रथिनांची दाटी असते. पाणी थोडं, तेही साखरेच्या पाकात अडकलेलं, आणि सगळं थंड. गोळ्यांना पुंजका करायला हालचाल करता येत नाही. जो शेजारी आहे त्याचा हात धरायचा, एवढंच. त्यातून वाडगाभर एकसंध जाळी पसरते आणि पाणी तिच्या घरांत कोंडून राहतं. दही लागतं तेव्हाही अशीच जाळी होते. तिथं आम्ल जिवाणू सावकाश तयार करतात, इथं आपण ते एकदम पिळतो.

मूळ कृतीत अंड्याचे तीनचार पिवळे बलकही असतात. त्यांनी चव भरदार होते आणि पंधरा मिनिटं भाजल्यावर सुरी स्वच्छ चालते. पण घट्टपणाचं मुख्य काम लिंबू आणि दूधच करतं. म्हणून आपल्याकडच्या अंडं न चालणाऱ्या घरांसाठी मी बलक बिनदिक्कत गाळते आणि पाय चार तास फ्रिजमध्ये ठेवते. अंडं घालणार असाल तर मात्र भाजाच. कच्च्या बलकाचा धोका सोलापूरच्या उन्हाळ्यात पत्करू नये.

रंगाबद्दल एक सांगायलाच हवं. खरा की लाइम पाय हिरवा नसतो. रस फिका, बलक पिवळे, म्हणून तो साजूक तुपाच्या रंगाचा दिसतो. फोटोत पोपटी दिसला तर रंग घातलाय समजा. वास हवा असेल तर सालीचा फक्त वरचा हिरवा भाग हलक्या हातानं किसून घाला. वासाचं तेल तिथं असतं. खालचा पांढरा थर आला की कडवटपणा आलाच.

हा पाय पहिल्यांदा कुणी केला यावर भांडण आहे. की वेस्टचे लोक सांगतात, एका श्रीमंत जहाजमालकाच्या घरी सॅली नावाची स्वयंपाकीण होती, तिनं केला. दुसरे म्हणतात, समुद्रातले स्पंज गोळा करणारे लोक दिवसेंदिवस बोटीवर असत, त्यांच्याकडे डबा, लिंबं आणि अंडी एवढंच टिकणारं सामान असे, त्यांनी केला. तिसरं मत असं की दुधाचा डबा विकणाऱ्या कंपनीनंच लिंबू-पायची कृती छापून घरोघरी पोचवली आणि कीजच्या बायकांनी ती आपल्या लिंबावर बसवली. मला तिसरं जास्त पटतं. मिल्कमेडच्या डब्यावरच्या कृतीवरून आपल्याकडे किती घरांत बर्फी सुरू झाली ते आपण पाहिलंच आहे. पण त्यामुळे कीजचा हक्क कमी होत नाही. कृती कुठूनही येवो, तिला त्या गावानं आपलं करून घेतलं.

त्या बेटांवर रेल्वे पोचली 1912 मध्ये, समुद्रावर पूल बांधत. सप्टेंबर 1935 च्या चक्रीवादळानं ती उखडून टाकली, मग 1938 मध्ये रस्ता झाला. लिंबाच्या बागांनाही 1926 चं चक्रीवादळ भोवलं. नंतर तिथल्या शेतकऱ्यांनी जाड सालीचं, बिनबियांचं, मोठं पर्शियन लिंबू लावलं. आज की लाइम या नावानं अमेरिकेत विकली जाणारी लिंबं बहुतेक मेक्सिकोतून येतात. 2006 मध्ये फ्लोरिडानं या पायला कायद्यानं राज्याचा अधिकृत पाय ठरवलं. ज्या लिंबाच्या नावानं हा मान मिळाला, त्याच्या बागा तिथं जवळजवळ उरल्या नाहीत, आणि ते लिंबू आपल्याकडे हातगाडीवर मिळतं. ही गोष्ट सांगताना मला दरवेळी वाईट वाटतं.

गोड पायइतकेच खारे पायही सांगण्यासारखे आहेत. इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाला कॉर्नवॉल आहे. तिथल्या माउझल नावाच्या कोळीवाड्यात 23 डिसेंबरला 'स्टारगेझी पाय' करतात. तारे बघणारा पाय! आत तारलीच्या जातीचे पिल्चर्ड मासे, बटाटा, अंडं, आणि वरच्या झाकणातून माशांची डोकी आभाळाकडे तोंड करून बाहेर आलेली. गावची आख्यायिका अशी की एका हिवाळ्यात वादळामुळे बोटी बाहेर पडेनात, गाव उपाशी पडलं, तेव्हा टॉम बॉकॉक नावाचा कोळी जिवावर उदार होऊन समुद्रात गेला आणि सात जातींचे मासे घेऊन आला. आत खरंच मासे आहेत हे गावाला दिसावं म्हणून डोकी बाहेर ठेवली. टॉम खरोखर होऊन गेला की नाही याचा पुरावा नाही. डोकी बाहेर ठेवण्याचं स्वयंपाकातलं कारण मात्र पक्कं आहे. हे मासे तेलकट. डोकं वर आणि अंग खाली तिरकं ठेवलं की भाजताना सुटलेलं तेल ओघळून परत आतल्या बटाट्यात मुरतं. शिवाय डोकं खायचं नसतं, मग त्यावर पीठ कशाला घालवायचं?

वर्गात फोटो दाखवला की निम्म्या बायका तोंड फिरवतात. मी त्यांना सांगते, ते डोळे भुकेच्या वर्षाची आठवण आहेत. मग त्या पुन्हा बघतात.

फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर सेत नावाचं बंदर आहे. तिथल्या पायचं नाव 'तिएल'. इटलीतल्या गाएता गावाहून मासेमारीसाठी आलेल्या कुटुंबांनी तो आणला. तळहातावर मावेल एवढा गोल, आत बारीक चिरलेला ऑक्टोपस आणि तिखट टोमॅटोचा रस्सा, कडा करंजीसारख्या मुरडलेल्या. ती मुरड शोभेसाठी नसते. बोटीवर रस्सा सांडू नये म्हणून घट्ट मिटलेलं तोंड असतं ते. आपल्या करंजीची मुरडही तळणीत सारण सांडू नये म्हणूनच. आता माझ्या वर्गात मुरड नीट आली नाही की मुली एकमेकींना "बोटीत सांडलं बघ" म्हणतात.

कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यावर फ्रेंच वंशाचे अकेडियन लोक राहतात. त्यांचा 'रापी पाय' किसलेल्या बटाट्याचा. किसाचं पाणी फडक्यातून पार पिळून काढायचं आणि त्या जागी कोंबडीचा किंवा शिंपल्यांचा उकळता रस्सा घालून भाजायचं. बटाट्याच्या पाण्याला चव नसते, मग रस्साच का नको, असा साधा विचार. आणि आपल्या शेजारी गोव्यात ख्रिस्ती घरांमध्ये 'आपा दे कामारांव' करतात. तांदूळ, नारळ आणि माडाची सूर, म्हणजे माडी, यांचं आंबवलेलं पीठ, आत मसालेदार कोळंबी. मैदा नाही, लोणी नाही, तरी पाय. किनाऱ्यानं कवचसुद्धा माडापासूनच घडवलं.

या सगळ्यांत आपली सोलापूरची कडक भाकरी कुठं बसते?

जुन्या गलबतांवर 'हार्डटॅक' नावाचं बिस्किट असायचं. पीठ, पाणी, असलंच तर मीठ. पुन्हा पुन्हा भाजून त्यातला ओलावा पार काढायचा. बुरशीला पाणी लागतं, पाणीच नाही तर बुरशी कुठली. ते महिनोन्महिने टिकायचं, रश्श्यात बुडवल्याशिवाय चावायचं नाही. ज्वारीची भाकरी पातळ थापून, भाजून, मग मंद आचेवर दाबून दाबून कुरकुरीत होईपर्यंत वाळवतात, तिथं हेच चाललेलं असतं. सोलापूरच्या कोरड्या हवेचा तिला मोठा हातभार आहे. आपल्याकडे वर्षाला 600 मिलिमीटरच्या आसपास पाऊस, रत्नागिरीला 3000 च्या वर. आपली कडक भाकरी जुलैत कोकणात नेली तर उघड्या ताटात बघता बघता वातड होते. त्यामुळे दर्यावर्दी बिस्किटाला कायम दमटपणाशी आणि किड्यांशी झगडावं लागलं, आणि डबाबंद दूध आलं तेव्हा किनाऱ्यांनी ते दोन्ही हातांनी उचललं.

अमेरिकेच्या नॉर्थ कॅरोलायना किनाऱ्यावर आजही एक लिंबू-पाय करतात, 'अटलांटिक बीच पाय'. त्याचं कवच गोड बिस्किटाचं नसतं, खारट क्रॅकर चुरून केलेलं असतं. खारट कवच, आंबटगोड मलई, वर क्रीम आणि मिठाचे चार दाणे. तिथं अशी समजूत होती की मासे खाल्ल्यावर गोड खाल्लं तर आजारी पडायला होतं, फक्त लिंबाचं गोड चालतं. म्हणून मासळीच्या खाणावळींत शेवटी हाच पाय मिळायचा. आपल्याकडे मासे आणि दूध एकत्र नको म्हणतात, त्याच जातीची समजूत.

खारट क्रॅकर वाचलं आणि माझ्या डोक्यात कडक भाकरी आली. पहिला प्रयत्न फसला. भाकरी मिक्सरमधून जाडसर काढली, वितळलेलं लोणी घातलं, साच्यात दाबली, गार केली. सुरी लावली तर तळ रवाळ होऊन सुटला. कारण शोधलं. बिस्किटाच्या चुऱ्यात साखर असते, भाजल्यावर ती वितळते आणि गार होताना कणांना सांधते. ज्वारीच्या चुऱ्यात सांधणारं काहीच नाही. दुसऱ्या वेळी 150 ग्रॅम चुऱ्याला 80 ग्रॅम लोणी आणि तीन चमचे बारीक चिरलेला गूळ घेतला, वाटीच्या बुडानं गच्च दाबलं आणि 170 अंशांवर बारा मिनिटं भाजलं. गुळानं धरलं. भाकरीतलं मीठ आणि तीळ तसेच राहू दिले. पूर्ण गार झाल्यावरच मलई ओतायची, नाहीतर तळ ओला होतो. लिंबं आठ ते दहा लागतात. उन्हाळ्यात रस कमी निघतो आणि भाव चढतो, म्हणून मी हा पाय पावसाळ्यात, लिंबू स्वस्त असताना शिकवते.

मासळीचा करून बघायचा असेल तर उजनीची चिलापी किंवा मरळ घ्या, पण उकडून काटे बोटांनी चाचपून काढा. झाकणाखाली काटा दिसत नाही. आणि झाकणाला सुरीनं दोन चिरा द्यायला विसरू नका. वाफेला वाट नसली की ती झाकण फाडून स्वतःची वाट काढते.

भाकरीच्या कवचाचा तो दुसरा पाय मी शेजारच्या अक्कांना नेऊन दिला. त्यांचं घर विणकरांचं, घरात तेलुगू बोलतात, माझ्याशी सोलापुरी मराठी. त्यांनी आधी मलई चाखली.

"हे तर लिंबाचं श्रीखंड की ओ."

"खालचं खाऊन बघा, अक्का."

त्यांनी तळाचा तुकडा मोडला, चावला, थांबल्या. परत चावला. मग आत वळून सुनेला हाक मारली, शेंगा चटणीची बरणी मागवली आणि तळाच्या कडेवर बोटभर चटणी ठेवून तो तुकडा माझ्यापुढे धरला. "आता तुम्ही खावा."

खाल्ला. आंबट, गोड, खारट, तिखट आणि शेवटी शेंगदाण्याचं तेल जिभेवर. पुढच्या बॅचपासून मी कवचाच्या चुऱ्यात अर्धा चमचा शेंगा चटणी घालते.